नसेतली जाळी आणि नदीतला दगड

मुलांनो, आजची सुरुवात एका पत्रानं करू या. कर्जत तालुक्यातल्या सातवीतल्या एका मुलीनं ते पाठवलंय. ती लिहिते, ‘बाई, माझ्या आजोबांच्या हृदयात दीड वर्षापूर्वी स्टेंट बसवला. आता चढ चढताना परत छातीत भरून येतं. डॉक्टर म्हणाले, स्टेंटच्या आत मांस वाढलंय. बाबा म्हणतात, हलक्यातला स्टेंट घातला असेल. आजी म्हणते, नशीब! पण बाई, लोखंडाच्या जाळीत मांस वाढतं कसं?’

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, बरं का! जगातल्या भल्याभल्या डॉक्टरांना आणि इंजिनिअरांना याच प्रश्नानं तीस-चाळीस वर्षं कामाला लावलं. अजूनही ते काम पुरतं संपलेलं नाही. तर आज आपण उत्तर शोधू, आणि बाबांचं नि आजीचं म्हणणं कितपत खरं तेही पाहू. आई-बाबांनो, तुम्हीही वाचा. कारण शेवटी एक काम तुमच्याही वाट्याला येणार आहे.

आपलं हृदय आपापल्या मुठीएवढं. मिनिटाला साधारण ७० ठोके धरले तर दिवसाचे किती? करा गुणाकार. लाखाच्या वर जातात! एवढं राबणाऱ्या या पंपालाही रक्त लागतंच. ते त्याला पोहोचवायला हृदयाच्या अंगावरून खास रोहिण्या गेलेल्या असतात. रोहिणी म्हणजेच धमनी. यांतली मोठी रोहिणीसुद्धा आतून जेमतेम तीन ते चार मिलिमीटर रुंद. तुमच्या पेन्सिलीतलं शिसं दोन मिलिमीटरचं असतं, त्याहून थोडीशी मोठी म्हणा ना!

रक्तातली चरबी वाढली, रक्तदाब किंवा साखर वाढली, तंबाखू-विडीची सवय असली, की वर्षानुवर्षं या रोहिणीच्या भिंतीत चरबीचा थर जमत जातो. वाट अरुंद होते. बसून असताना काही जाणवत नाही. पण चढ चढताना हृदयाला जास्त रक्त हवं असतं आणि ते मिळत नाही. मग छाती भरून येते. त्या अरुंद जागी एकदम गुठळी झाली, की हार्ट अटॅक.

आता आपल्याकडचंच उदाहरण घ्या. खोपोलीला टाटांचं वीजघर आहे. ते १९१५ साली सुरू झालं. घाटमाथ्यावरच्या तलावांतलं पाणी मोठमोठ्या लोखंडी नळांतून तिथं खाली उतरतं आणि त्या जोरावर यंत्रं फिरतात. नळ आतून अरुंद झाला तर यंत्रं मंदावतील, हे सांगायला नको. मग काय करायचं? नळ साफ करायचा किंवा बदलायचा. सोपं!

पण नळ आणि रोहिणी यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि आजची सगळी गोष्ट त्या फरकाची आहे. नळ निर्जीव, रोहिणी जिवंत. नळाला आतून ओरखडा पडला तर तो तसाच राहतो. रोहिणीला ओरखडा पडला तर ती तो भरून काढायला लागते. तुमचा गुडघा फुटल्यावर काय होतं, आठवा. आधी रक्त गोठतं, मग खपली, मग खालून नवी कातडी. कधी कधी ती जरा जास्तच भरते आणि उंचवटा राहतो. आपण त्याला वण म्हणतो. रोहिणीच्या आतही अगदी असाच वण होऊ शकतो!

आधी फुगा, मग जाळी

१६ सप्टेंबर १९७७. स्वित्झर्लंडमधलं झुरिच शहर. आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी छाती न उघडता एका माणसाच्या हृदयाच्या रोहिणीत बारीक नळी सरकवली. नळीच्या टोकाला चिमुकला फुगा. अडलेल्या जागी जाऊन तो फुगवला, चरबी भिंतीकडे दाबली गेली, वाट मोकळी झाली. फुगा रिकामा करून बाहेर काढला. झाली अँजिओप्लास्टी! हृदयाच्या रोहिणीची जगातली ही पहिली.

सगळीकडे आनंदीआनंद झाला. पण थोड्याच महिन्यांत एक अडचण दिसू लागली. शंभरातल्या तीस-चाळीस जणांची रोहिणी सहा महिन्यांच्या आत परत अरुंद होई. एक तर भिंत रबरासारखी आत परतायची, आणि दुसरं म्हणजे आतली जखम भरताना वण वाढायचा.

भिंत आत येऊ नये म्हणून टेकू द्यायला हवा. बोगदा खणताना वरची माती ढासळू नये म्हणून कमानी बसवतात ना, तसा. १९८६ साली फ्रान्समध्ये झाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिग्वार्ट या डॉक्टरांनी माणसाच्या हृदयाच्या रोहिणीत पहिल्यांदा धातूच्या जाळीची नळी बसवली. हाच स्टेंट. आपल्याकडे कुणी त्याला जाळी म्हणतं, कुणी स्प्रिंग म्हणतं.

अर्जेंटिनात जन्मलेले हुलिओ पाल्माझ हे डॉक्टर अमेरिकेत याच विचारात होते. फुगवली की मोठी होणारी, पण परत न मिटणारी नळी कशी करायची? त्यांना वाट दाखवली त्यांच्याच गॅरेजमध्ये पडलेल्या लोखंडी जाळीच्या तुकड्यानं. भिंतीला गिलावा धरून राहावा म्हणून गवंडी जी जाळी मारतात ना, तीच. पत्र्याला चिरा पाडून ओढलं की चौकटी-चौकटींची जाळी तयार होते. तशाच चिरा त्यांनी बारीक नळीला पाडल्या. या कल्पनेतून घडलेल्या स्टेंटला अमेरिकेत १९९४ साली हृदयासाठी परवानगी मिळाली.

आणि ‘स्टेंट’ हे नाव कुठलं, माहीत आहे? चार्ल्स स्टेंट नावाचे इंग्लंडमधले एक दंतवैद्य होते. दातांचे साचे घेण्यासाठी त्यांनी १८५६ साली एक चांगलं मिश्रण तयार केलं. त्यांचं नाव त्या मिश्रणाला चिकटलं आणि पुढं फिरत फिरत या जाळीला येऊन बसलं. त्यांनी स्वतः हृदयाला कधी हातही लावला नव्हता!

जाळीच्या आत काय वाढतं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोहिणीच्या आतल्या बाजूला एक अस्तर असतं. फक्त एका पेशीच्या जाडीचं, पण मोठं कामाचं. वाहतं रक्त त्याला सतत घासून जात असतं. हा घासता स्पर्श अस्तराच्या पेशींना आवडतो म्हणा ना! प्रवाह जोरात आणि सरळ असला की त्या रक्त गोठू देत नाहीत. खालच्या थरात स्नायूंच्या पेशी असतात, त्यांनाही त्या शांत ठेवतात.

स्टेंट बसवताना काय होतं? मिटलेली जाळी फुग्यावर चढवून आत नेतात आणि फुगा फुगवतात. आपल्या सायकलच्या ट्यूबमध्ये असतो त्याहून कितीतरी जास्त दाब त्यात असतो. जाळी उघडते, भिंतीत रुतते आणि तिथलं अस्तर फाटतं. शरीराच्या दृष्टीनं ही जखमच. वर एक परकी वस्तूही तिथं येऊन बसलेली. मग रक्तातल्या बिंबिका गोळा होतात, पांढऱ्या पेशी येतात, आणि खालच्या थरातल्या स्नायूपेशी जाग्या होऊन वाढू लागतात. जाळीच्या चौकटींतून त्या आत सरकतात आणि तारांवर पांघरूण घालतात.

थोडं पांघरूण हवंच, बरं का. धातू झाकला गेला, त्यावर नवं अस्तर आलं, की काम फत्ते. पण काही जणांत ही वाढ थांबतच नाही. पांघरुणाची गादी होते आणि वाट पुन्हा अडते. नुसत्या धातूच्या स्टेंटमध्ये शंभरातल्या वीस ते तीस जणांत असं व्हायचं. म्हणजे आजोबांच्या जाळीत वाढलेलं ‘मांस’ बाहेरून आलेलं नाही. ते त्यांच्याच रोहिणीच्या पेशींचं आहे.

मग जाळीच्या घडणीचा यात काय संबंध? चला पेज नदीवर. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी पेजेत येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहत असते. काठावर बसून नीट बघा. मोठ्या धोंड्याच्या मागे पाणी गोल गोल फिरतं, रेंगाळतं. तिथं फेस, पानं, काटक्या जमतात. पण पात्रात रुतलेल्या बारीक काटकीला पाणी जुमानत नाही, अलगद पुढे निघून जातं.

स्टेंटची जाड तार म्हणजे रक्ताच्या वाटेतला धोंडा. तिच्या पुढे-मागे रक्त भोवऱ्यासारखं फिरतं, मंदावतं. अस्तराला तो हवाहवासा स्पर्श मिळत नाही. तिथं गुठळी धरायला सोपं जातं आणि खालच्या स्नायूपेशींना आवर घालणारं कुणी उरत नाही. शिवाय जाड तार चढून पलीकडे जायला अस्तराच्या पेशींना वेळही जास्त लागतो. मात्र एक लक्षात ठेवा. नदीत धोंड्यामागे साचतो तो वाहून आलेला गाळ. रोहिणीत तसं नसतं. इथं शेताचा बांधच फुगून खाचरात यावा, तशी भिंत स्वतः वाढते.

ही नुसती कल्पना नाही. जर्मनीतल्या डॉक्टरांनी ६५१ रुग्णांवर याची परीक्षा घेतली. निकाल २००१ साली जाहीर झाला. अर्ध्या रुग्णांना पातळ तारेचा स्टेंट, तार ५० मायक्रॉनची. अर्ध्यांना जाड तारेचा, १४० मायक्रॉनची. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एक तार केसाहून बारीक आणि दुसरी दोन केसांएवढी. सहा महिन्यांनी पाहिलं तर जाड तारेच्या गटात शंभरातल्या जवळजवळ २६ जणांची वाट परत अरुंद झाली होती, पातळ तारेच्या गटात १५ जणांची. फक्त एका केसाहून थोड्याशा जास्त जाडीचा फरक, आणि शंभरात अकरा माणसं!

मग तार आणखी पातळ, आणखी पातळ करत का जात नाहीत? टोपली विणणाऱ्यांना विचारा. कामट्या फार पातळ काढल्या तर टोपली वजन धरत नाही. विण विरळ ठेवली तर आतला माल बाहेर डोकावतो. स्टेंटचंही तेच. तार फार पातळ झाली तर भिंतीच्या दाबानं जाळी दबेल आणि एक्स-रेमध्येही नीट दिसणार नाही. चौकटी फार मोठ्या ठेवल्या तर त्यांतून भिंत आत डोकावेल. फार घट्ट विणली तर धातू जास्त आणि वळणावळणाच्या रोहिणीत ती वाकणार नाही. म्हणून पुढं पोलादाऐवजी कोबाल्ट आणि क्रोमियमचा मिश्रधातू वापरात आला. तो जास्त मजबूत, त्यामुळे तार पातळ ठेवूनही जाळी ताठ राहते. आजच्या पुष्कळ स्टेंटची तार ६० ते ८० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाएवढी असते.

बेटावरच्या मातीतलं औषध

दुसरा उपाय सापडला मातीत! पॅसिफिक महासागरात रापा नुई नावाचं बेट आहे. ईस्टर बेट म्हणून तुम्ही भूगोलात त्याचं नाव ऐकलं असेल. १९६४ साली कॅनडाहून एक मोहीम तिथं गेली आणि मातीचे नमुने घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूपासून एक पदार्थ वेगळा काढण्याचं काम केलं आपल्याच देशातून गेलेल्या शास्त्रज्ञानं. डॉ. सुरेंद्रनाथ सहगल हे त्यांचं नाव. बनारस हिंदू विद्यापीठात ते औषधनिर्माणशास्त्र शिकले होते. बेटाच्या नावावरून त्या पदार्थाचं नाव पडलं रॅपामायसीन.

पुढं कंपनीनं माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि या पदार्थावरचं काम थांबलं. पण सहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला, आणि घरातल्या कुणी खाऊ नये म्हणून तशी चिठ्ठीही लावली, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं आहे. त्यांच्या चिकाटीमुळे काम पुन्हा सुरू झालं. हे औषध पेशींची वाढ रोखतं. मग कुणाच्या तरी मनात आलं, हेच स्टेंटच्या तारांवर लेपून दिलं तर? डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये असा स्टेंट पहिल्यांदा बसवला गेला आणि २००३ साली अमेरिकेनं त्याला परवानगी दिली. परत अरुंद होण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या खाली आलं. सहगल मात्र त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारले.

झालं का मग सगळं छान? नाही ना! २००६ साली नवीच काळजी उभी राहिली. औषध वाढ रोखतं, तसं ते नवं अस्तरही लवकर येऊ देत नाही. तार उघडी राहिली की तिच्यावर वर्षा-दोन वर्षांनीही अचानक गुठळी होऊ शकते. पाहिलंत? वाढ जास्त झाली तर वाट हळूहळू अडते, फारच कमी झाली तर एकाएकी अडते. खिचडीतल्या मिठासारखं आहे हे. मग पुन्हा घडण बदलली. तारा पातळ केल्या, औषध कमी केलं, लेप जास्त सौम्य केला.

काहींनी म्हटलं, जाळी कायमची हवीच कशाला? काम झालं की विरघळून जाईल अशी करू. असा एक स्टेंट आलाही. २०१६ साली त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. पण तो धातूचा नव्हता, त्यामुळे मजबुतीसाठी त्याच्या काड्या १५० मायक्रॉनपेक्षा जाड ठेवाव्या लागल्या होत्या. पुन्हा तोच धोंडा! गुठळ्यांचं प्रमाण जास्त निघालं आणि २०१७ साली त्याची विक्री थांबली. कल्पना चांगली असली तरी नदीचा नियम चुकवता येत नाही.

आपल्या देशातही या विषयावर काम झालंय. १९९० च्या दशकात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी हैदराबादला कमी खर्चाचा स्टेंट तयार केला. तो ‘कलाम-राजू स्टेंट’ म्हणून ओळखला जातो. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषधी स्टेंटची छापील किंमत तोवर सरासरी एक लाख वीस हजारांच्या घरात होती. ती कर सोडून २९,६०० रुपयांवर आली. साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपयांवर. ही मर्यादा पुढं वेळोवेळी बदलत आली आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. कर्जत-खालापूरच्या वाड्या-पाड्यांतल्या घरांसाठी ही किती मोठी गोष्ट आहे, हे सांगायला नको.

आता बाबांचं उत्तर तपासू. स्वस्त म्हणजे हलका, असं नसतं. किंमत सरकारनं उतरवली, म्हणून स्टेंटची तार जाड झाली नाही. चांगल्यातला चांगला स्टेंट बसवूनही काही जणांत वाट परत अरुंद होते. आजोबांना मधुमेह असेल, त्यांची रोहिणी मुळात बारीक असेल, अडथळा लांबलचक असेल किंवा जाळी पुरती उघडली नसेल, तर ही शक्यता वाढते. यातलं नेमकं काय झालंय, ते तपासूनच कळेल. म्हणून आजीचं ‘नशीब’ही तसंच ठेवू नये. यावर उपाय आहेत. औषध लावलेला फुगा, दुसरा स्टेंट, नाहीतर बायपास. कुठला करायचा, हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. आपण फक्त उशीर करायचा नाही. चढावर दुखणं वाढत चाललं असेल तर लगेच दाखवायचं. आणि बसल्या जागी छाती दाबल्यासारखी झाली, घाम फुटला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत बसायचं नाही. सरळ १०८ ला फोन करायचा.

आता कामं. पहिलं काम मुलांचं. स्टेंट बसवलेल्यांना रक्त गोठू नये म्हणून रोजच्या गोळ्या असतात. आता कळलं ना, का ते? तारांवर नवं अस्तर येईपर्यंत या गोळ्या म्हणजे पहारेकरी. बरं वाटतंय म्हणून, गावाला जायचंय म्हणून किंवा संपल्या म्हणून त्या बंद करायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. घरातल्या कॅलेंडरवर रोज गोळी घेतल्याची खूण तुम्ही करा. चार दिवसांच्या गोळ्या उरल्या की मोठ्यांना आठवण द्या. पाचवीतला मुलगाही हे काम चोख करू शकतो.

दुसरं काम आई-बाबांचं. घरातली विडी, तंबाखू आणि मशेरी सोडायची. मुलं बघत असतात, हे विसरू नका.

तिसरं काम सगळ्यांचं, आणि गमतीचं. पन्हळीचा एक तुकडा किंवा उभा अर्धा कापलेला प्लॅस्टिकचा पाइप घ्या. कापून मोठ्यांनीच द्यावा. आत एका ठिकाणी काडेपेटीची काडी आडवी चिकटवा. वीतभर अंतरावर शिवणाचा दोरा आडवा चिकटवा. पाइप किंचित तिरका ठेवून वरून पाण्याची बारीक धार सोडा आणि त्यात चिमटी-चिमटीनं बारीक वाळू टाका. दहा मिनिटांनी बघा. वाळू कुठं जास्त साचली, काडीपाशी की दोऱ्यापाशी? आणि काडीच्या अलीकडे जास्त, की पलीकडे? वहीत चित्र काढा आणि तुमचं उत्तर मला लिहून कळवा.